फक्त मोबाइल अ‍ॅपने लोकांना रेडिएशन मोजता येतं का?

तुम्ही काणकोणचे, कैगाचा अणुवीज प्लांट तिथून जवळ, म्हणून विचारताय की गावातल्या लोकांनी अ‍ॅप टाकून रेडिएशन मोजलं तर उपयोग होईल का. होईल, पण नुसत्या फोनने नाही.

प्ले स्टोअरवरची बरीच 'रेडिएशन मीटर' अ‍ॅप्स फोनमधला चुंबकीय सेन्सर वाचतात, त्याचा गॅमाशी, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणाऱ्या किरणांशी, काही संबंध नाही, ती सरळ काढून टाका. काही अ‍ॅप्स खरी आहेत, त्यात कॅमेऱ्यावर काळी टेप लावायची आणि अंधारात कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रेडिएशनमुळे उमटणारे ठिपके अ‍ॅप मोजतं, पण आपल्याकडे नेहमीचं रेडिएशन साधारण तासाला 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या (रेडिएशनच्या डोसचं एकक) आसपास, तेवढं फोनच्या नॉइजमध्येच, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या गडबडीतच, हरवून जातं, आणि फोन तापला की आकडे उगाच वाढतात.

खरं काम जपानात झालं. 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर सेफकास्ट या स्वयंसेवी गटाने गायगर ट्यूब (रेडिएशन टिपणारी नळी) आणि जीपीएस असलेलं छोटं यंत्र बनवलं, लोकांनी ते गाडीच्या खिडकीला अडकवून गावं पालथी घातली, दर 5 सेकंदांनी नोंद, आणि सगळा डेटा सगळ्यांना खुला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सरकारी आकड्यांशी ताडून बघायला लोकांकडे स्वतःचं काहीतरी होतं.

तेव्हा पंचायतीने किंवा हायस्कुलाने मिळून एक चांगला गायगर काउंटर घ्या, अ‍ॅप नोंदी आणि नकाशासाठी ठेवा. आणि आत्तापासूनच मोजा, कारण नेहमीचा आकडा माहीत नसेल तर वाढलाय हे कळणार कसं? ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ थोडा जास्त आला तर घाबरू नका, ते दगडातलंच असतं, दर वेळी एकाच उंचीवर धरून मोजा.