प्रश्न तुमचे: अठ्ठावन्नाव्या वर्षी धनुष्य हातात घेऊ का?

प्रश्न : नमस्कार. वय ५८. गेली ३० वर्षं इथे भारताबाहेर रायफलने शिकार करतोय, रीतसर परवाना काढून, सीझन पाळून. दीडशे-दोनशे यार्डांवर नेम सहसा चुकत नाही. मागच्या सीझनला २२० यार्डांवरून हरणाचा एक नर पाडला, आणि त्याच्याकडे चालत जाताना एकदम लक्षात आलं की हा जिवंत असताना मी याला धड बघितलंच नाही, स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीच्या रेघांमध्येच काय ते दिसलं तेवढं. तेव्हापासून धनुष्य डोक्यातून जात नाहीये. मित्र म्हणतात या वयात खांद्याची वाट लागेल, आणि उजवा खांदा आधीच थोडा कुरकुरतो. घेऊ का? घेतलं तर किती पाउंडांचं, म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागेल असं? आणि इतक्या वर्षांचा अनुभव कामी येईल की नाही?

उत्तर : घ्या. अगदी मनापासून सांगतो, घ्या. मी स्वतः ५३ व्या वर्षी सुरुवात केली, आधीची २५ वर्षं रायफलचीच होती, आणि तुम्ही त्या नराबद्दल जे लिहिलंय ना ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो, कारण मलाही नेमकं तेच टोचत होतं.

आधी खांदा, कारण सगळं तिथेच अडतं. आत्ताच डॉक्टरांना दाखवून घ्या, धनुष्य आणल्यावर नको. आणि कंपाउंड बोचा विचार करा. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाला १९६९ मध्ये याचं पेटंट मिळालं, आणि आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांवर त्याचे फार उपकार आहेत. टोकांना कप्प्या असतात, त्यामुळे दोरी ओढताना मधे जोर लागतो पण पूर्ण ओढून झाली की वजन एकदम उतरतं. ५० पाउंडांचं धनुष्य आणि ८० टक्के लेट-ऑफ, म्हणजे शेवटी वजनात पडणारी सूट, असेल तर धरून ठेवताना हातावर फक्त १० पाउंड राहतात. रिकर्व्हमध्ये, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनकप्प्यांच्या धनुष्यात तसं नाही, तिथे पूर्ण ओढल्यावरच सगळ्यात जास्त वजन असतं. रिकर्व्ह सुंदर असतो, मलाही भुरळ पडते, पण दुखऱ्या खांद्याने सुरुवात त्याच्यावर नको.

पाउंड किती, तर तुम्हाला वाटतायत त्यापेक्षा कमी. मी अहंकारापायी ६५ पाउंडांचं घेतलं, तिसऱ्या आठवड्यात रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना, चार महिने फुकट गेले. नंतर ५० वर आलो आणि त्याच धनुष्याने हरणं मिळाली. बऱ्याच ठिकाणी हरणासाठी कायद्याने कमीत कमी ४० पाउंडांच्या आसपास लागतात, तुमच्या भागाचा नियम आधी बघून घ्या. एक चाचणी सांगतो, खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, धनुष्य सरळ समोर धरा आणि दोरी सावकाश मागे ओढा. हात आकाशाकडे गेला किंवा कंबर वळवावी लागली तर वजन जास्त आहे. आणि हे थंडीत, जाड जॅकेट घालून, दोन तास न हलता बसल्यावर करून बघा, कारण सावज समोर येतं तेव्हा अंग तसंच आखडलेलं असतं. एक मात्र कधीच करू नका, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, सगळी ताकद धनुष्यातच परत जाते आणि ते तिथल्या तिथे फुटू शकतं.

ड्रॉ लेंग्थ म्हणजे दोरी किती मागे यायला पाहिजे ते माप. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा, ७० इंच असेल तर २८. मग चांगल्या जाणकाराकडून पक्कं करून घ्या.

आता अनुभवाचं. वारा ओळखणं, पाऊलखुणा वाचणं, तासन् तास दबा धरून बसणं, कुठल्या वाटेने जनावर येणार हे कळणं, हे सगळं सोनं आहे, नव्या माणसाला ते शिकायला दहा वर्षं लागतात. पण नेमबाजीतल्या काही सवयी सोडाव्या लागतील. रायफल आपण खांद्यात घट्ट दाबून धरतो, धनुष्य घट्ट धरलं की मनगट पिळतं आणि बाण बाजूला जातो, ते नुसतं अंगठ्याच्या बुडाशी टेकवायचं, बोटं सैल. गोळी सुटली की काम झालं असं हाताला वाटत असतं, बाण मात्र सावकाश जातो त्यामुळे तो लागल्याचा आवाज येईपर्यंत पुढचा हात खाली पडता कामा नये. तुमचा चांगला गुण म्हणजे खटका हळूहळू दाबत नेणं, कधी सुटेल ते कळू न देता, तो रिलीजवर, म्हणजे दोरी सोडायच्या खटक्यावर, जसाच्या तसा वापरा. डोळ्यांचं म्हणाल तर आपल्या वयात धनुष्यावरच्या नेम धरायच्या पिना धूसर दिसतात, दोरीवरच्या पीपमध्ये, म्हणजे बघायच्या छिद्रात, बसवायची छोटी भिंग मिळते तिने मला खूप फरक पडला.

सराव असा करा. रोज सकाळी, अंग मोकळं व्हायच्या आधी, एकच बाण. तो कुठे लागला ते लिहून ठेवा. दिवसातला साठावा बाण मधोमध लागतो त्याला काही अर्थ नाही हो, जंगलात तो पहिलाच बाण असतो. ४० यार्डांपर्यंत सराव करा आणि जनावरावर २० च्या पुढे निदान पहिली दोन वर्षं तरी जाऊ नका.

२० का, तर हिशोब बघा. बाण सेकंदाला साधारण २७० फूट जातो असं धरा, म्हणजे ३० यार्डांना, ९० फुटांना, एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज ११०० फुटांच्या वेगाने जातो, तो जवळपास पाव सेकंद आधी पोचतो, आणि बिचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय मुडपून खाली बसतं. एवढ्या वेळात ते वीतभर खाली जाऊ शकतं आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून जातो किंवा मणक्याच्या वर नुसता मांसात घुसतो. तुमचा नेम अचूक होता, तरीही. जवळ गेल्याशिवाय याला उपाय नाही.

आणि जवळ जाणं हे काय असतं ते सांगतो. पहिल्या वर्षी मी जमिनीवर एका पडलेल्या खोडामागे बसलो होतो, उजाडलं होतं नुकतंच, एक मादी १४ यार्डांवर आली. तिच्या मिशांच्या केसांवर दव होतं. कान एक पुढे एक मागे. ती पान तोडायची तो आवाज मला येत होता, नाकातून निघणारी वाफ दिसत होती. रायफल असती तर ती कधीच खांद्याला लागलेली असती, इथे मात्र सगळ्यात मोठी हालचाल, दोरी ओढायची, ती सावज सगळ्यात जवळ असतानाच करावी लागते. तिचं डोकं झाडामागे गेलं तेव्हा मी ओढली. ती पुढे आली आणि थांबली, खांदा माझ्याकडे तिरका, म्हणजे समोर हाड. रायफलला ही जागा चालते, बाणाला नाही. मी धरून राहिलो, हात थरथरायला लागला, मागून मानेला वारा लागला आणि कळलं, माझा वास तिच्याकडे गेला, आता संपलं. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा. मी दोरी हळूच परत सोडली, बाण तसाच. ती फुरफुरली आणि गेली. मी रिकाम्या हाताने आलो आणि तरी त्या दिवसातलं सगळं आजही जसंच्या तसं आठवतं, २५ वर्षांतल्या बऱ्याच शिकारींचं इतकं आठवत नाही.

---

प्रश्न : माझे मिस्टर रायफलवरून धनुष्याकडे वळतायत, मलाही शिकायचंय, वय ४६. पण बाणाने जनावर तडफडून मरतं असं ऐकलं. गोळीच बरी नाही का? मला खरं उत्तर हवंय. — एक वाचक

उत्तर : ताई, हा प्रश्न प्रत्येकाने पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे. गोळी आणि बाण वेगळ्या पद्धतीने मारतात. थर्टी-ओ-सिक्स या शिकारी रायफलची १८० ग्रेन वजनाची गोळी नळीतून सुमारे २९०० फूट-पाउंड ताकद घेऊन निघते, ४०० ग्रेनचा बाण साधारण ६५. गोळी धक्क्याने मोडतोड करते, बाण कापतो आणि जनावर रक्तस्रावाने जातं. म्हणून ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाचं शिकारी पातं, वस्तऱ्यासारखं धारदार हवं, सरावात वापरलेलं पातं शिकारीला नाहीच. धारदार पातं दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं तर हरीण बहुतेक वेळा काही सेकंदांतच कोसळतं, कधी कधी नुसतं चार उड्या मारून थांबतं, काय झालं हे त्याला कळलेलंही दिसत नाही.

पण जागा चुकली तर तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मी चुकलोय. दुसऱ्या वर्षी २८ यार्डांवर बाण मागे लागला, यकृतात. बाणावरचं रक्त गडद, काळपट लाल होतं. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं, आणि आतड्यात लागलं तर बाणाला हिरवट घाण आणि वास. मला हे सगळं माहीत होतं, यकृताला निदान चार ते सहा तास थांबायचं हेही माहीत होतं, पण अंधार पडत होता म्हणून मी पाऊण तासात माग काढायला निघालो. ते जवळच बसलेलं होतं, मला बघून उठलं आणि गेलं. रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस शोधलं, रक्ताचा शेवटचा थेंब एका दगडावर होता, नखाएवढा, त्याच्या पुढे काही नाही. ते हरीण मला मिळालं नाही. त्या सीझनला मी परत धनुष्य उचललं नाही.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. जनावर पूर्ण आडवं किंवा थोडं पलीकडे वळलेलं असेल तरच. चालताना नाही. सावध झालेलं असेल तर नाही. बाण लागला की घड्याळ बघायचं, फुप्फुसाची खात्री असली तरी अर्धा तास जागचं हलायचं नाही, आतड्याचा संशय असेल तर आठ ते बारा तास. तुम्ही हे पाळू शकाल असं वाटत असेल तर जरूर शिका, आणि दोघं मिळून शिका, माग काढताना दुसरी नजर फार लागते. एक जण शेवटच्या थेंबावर उभा राहतो आणि दुसरा पुढे शोधतो, यात बरीच जनावरं हाताला लागतात जी एकट्याला लागली नसती. मचाणावर बसणार असाल तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत हार्नेस, म्हणजे पडू न देणारा पट्टा, अंगावर, मिस्टरांनाही सांगा.

(भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तिथून पत्रं येतात म्हणून सांगतो. तिथे धनुष्य फक्त टार्गेटवर.)

---

प्रश्न : ६६ वर्षांचा आहे, खांद्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर दोरी ओढू नका म्हणतात. क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि खटका असलेलं आडवं धनुष्य, घेतला तर ती धनुष्याची शिकार म्हणायची का? लोक नाकं मुरडतात.

उत्तर : काका, मुरडू देत. क्रॉसबोचा बाणही कापूनच मारतो, तोही वाऱ्यावर आणि आवाजावर तसाच अडतो, आणि तुम्हालाही जवळच जावं लागतं. काही ठिकाणी त्याला वेगळा परवाना किंवा वेगळा सीझन असतो तेवढं तपासा. दोरी चढवायला हँडल फिरवायची क्रँक असलेला घ्या म्हणजे खांद्यावर ताण येणार नाही, आणि पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेच्या खाली आहे ना हे प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी बघा. अंतर मात्र ३० यार्डांच्या आतच ठेवा. क्रॉसबोला स्कोप असतो, आणि आपल्या रायफलवाल्यांच्या डोळ्याला स्कोप दिसला की लांबचं जवळ वाटायला लागतं.