कॉलेज सॉफ्टबॉलला गर्दी, मग व्यावसायिक महिला सॉफ्टबॉलला प्रेक्षक का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉलची (बेसबॉलसारखाच, पण छोट्या मैदानावरचा खेळ) अंतिम स्पर्धा खचाखच भरते, पण त्याच मुली पुढे व्यावसायिक लीगमध्ये उतरल्या की स्टँड ओस का पडतात, आणि त्यावर उपाय आहे का?

उपाय आहे, पण जाहिराती वाढवून फरक पडेल असं मला वाटत नाही. खेळ तर कमी पडतच नाही. व्यावसायिक संघात कॉलेजमधल्या निवडक खेळाडूच पोहोचतात, त्यामुळे दर्जा चढाच असतो. कमी पडतं ते प्रेक्षकाचं संघाशी आणि जागेशी असलेलं नातं.

कॉलेजची ही अंतिम स्पर्धा, विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज, १९९० पासून, १९९६ चा अपवाद सोडला तर, ओक्लाहोमा सिटीतल्या एकाच मैदानावर भरते. त्या मैदानात आता सुमारे १३,००० माणसं बसतात. तारखा ठरलेल्या, जागा ठरलेली. कुटुंबं त्या हिशोबानं सुट्ट्या काढतात. शिवाय कॉलेजचे माजी विद्यार्थी एकही खेळाडू ओळखत नसले तरी येतात, कारण संघ त्यांचा असतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं सॉफ्टबॉलसुद्धा त्याच मैदानावर होणार आहे, यजमान शहरापासून सुमारे २,००० किलोमीटर दूर.

व्यावसायिक लीगला अशी सवय लागायला वेळच मिळाला नाही. १९९७ साली सुरू झालेली लीग २००१ नंतर थांबली. २००४ मध्ये नॅशनल प्रो फास्टपिच ही दुसरी लीग आली, तिचे संघ येत-जात राहिले आणि २०२१ मध्ये तीही बंद पडली. २०२५ च्या नव्या लीगमध्ये, एयूएसएलमध्ये (अ‍ॅथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग), ४ संघ पहिल्या वर्षी गावोगावी फिरत खेळले. फिरत्या सामन्यांना पहिल्या दिवशी कुतूहलानं गर्दी होते, पण पुढच्या आठवड्यात परत येण्याजोगा ‘आपला संघ’ गावात उरत नाही. २०२६ साठी संघांना शहरं दिली, ते फार बरं झालं. ऑलिंपिकचाही आधार तुटक: १९९६ ते २००८ सलग ४ वेळा खेळ होता, मग दोन ऑलिंपिकमधून बाहेर, आणि टोकियोत परतला तेव्हा कोरोनाच्या साथीमुळे स्टँड रिकामे. जपानमध्ये चित्र थोडं निराळं आहे. तिथल्या महिला सॉफ्टबॉलच्या जेडी लीगचे बरेच संघ टोयोटा, होंडा, डेन्सो अशा कंपन्यांचे असल्यामुळे कंपनीचे कर्मचारी हा हक्काचा प्रेक्षक मिळतो.

आता एक अडचण, जी बाहेरून पटकन दिसत नाही. या खेळाचा सगळ्यात भरवशाचा प्रेक्षक म्हणजे स्वतः सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुली आणि त्यांचे आईवडील. व्यावसायिक हंगाम जून ते ऑगस्ट, आणि नेमक्या त्याच महिन्यांत या मुली दर शनिवार-रविवारी स्वतःच्या स्पर्धांसाठी परगावी असतात. म्हणून शनिवारी दुपारचा सामना कागदावर सोयीचा वाटला तरी त्याची वेळ चुकलेली असते. बुधवार-गुरुवारची संध्याकाळ घ्यावी. नाहीतर जवळपास होणाऱ्या मुलींच्या मोठ्या स्पर्धेचं वेळापत्रक आधी मागवावं, तिथला शेवटचा सामना संपल्यावर दीड-दोन तासांनी आपला सामना ठेवावा आणि तिकीट त्या स्पर्धेतल्या संघांच्या प्रवेश शुल्कातच धरावं.

मैदानाच्या निवडीत तर सर्रास चूक होते. सॉफ्टबॉलचं कुंपण प्लेटपासून (बॅटर उभी राहते ती जागा) साधारण २०० ते २२० फुटांवर असतं, बेसबॉलचं ३२५ ते ४०० फुटांवर. मोठ्या बेसबॉल स्टेडियममध्ये तात्पुरतं कुंपण लावलं की मागे गवताचं ओसाड रान उरतं. बेसबॉलच्या इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासचा आतला भाग) गवत आणि पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, उंचवटा असतो, सॉफ्टबॉलला मात्र इनफिल्ड पूर्ण मातीचं आणि सपाट लागतं. या बदलाचा खर्च वेगळाच. १२,००० खुर्च्यांत १,५०० माणसं म्हणजे भकास. २,००० खुर्च्यांत तीच माणसं बसवली की गजर होतो. शिकागोजवळ रोझमाँटला २०११ मध्ये बांधलेलं छोटं मैदान या मापाचं आहे, आणि माझ्या मते व्यावसायिक सॉफ्टबॉलला तेच माप शोभतं.

माणसं बसवायची कुठे, याचाही विचार हवा. पिचर ४३ फुटांवरून ताशी १०५ ते ११० किलोमीटरनं चेंडू सोडते, बॅटरच्या हाती जेमतेम ०.४ सेकंद उरतो. राइझबॉल, म्हणजे वर चढतोय असा वाटणारा चेंडू, गुडघ्याच्या उंचीवर निघाल्यासारखा वाटतो, बॅट फिरायला लागते आणि चेंडू तिच्या वरून निघून जातो. ही गंमत प्लेटच्या मागे, जाळीजवळच्या खालच्या रांगांतून अंगावर येते. वरच्या मजल्यावरून फक्त ‘बॅटर चुकली’ एवढंच दिसतं, आणि नवा माणूस दुसऱ्या इनिंगला कंटाळतो. म्हणून विक्री प्लेटच्या मागून सुरू करावी, तो भाग ८० टक्के भरला की पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडचे, म्हणजे दोन बाजूंचे, विभाग उघडावेत. उरलेले बंदच ठेवावेत.

घडतं नेमकं उलटं. प्लेटमागच्या उत्तम जागा प्रायोजकांच्या पाहुण्यांना जातात आणि ते येत नाहीत. पिचिंग दाखवणारा कॅमेरा सेंटर फील्डकडून, म्हणजे समोरच्या टोकाकडून, प्लेटकडे बघत असतो, त्यामुळे टीव्हीवर प्रत्येक चेंडूला त्याच रिकाम्या खुर्च्या दिसतात. घरी बघणाऱ्याची समजूत होते की मैदानात कुणीच नाही. पाहुण्यांच्या जागा पहिली इनिंग संपेपर्यंत राखाव्यात, मग मागे बसलेल्या मुलींना पुढे बोलवावं. हे काम एका माणसाकडे नेमून द्यावं लागतं, नाहीतर होत नाही.

फुकट पासांबद्दल मी कडक आहे. फुकट पास घेणारा थोडं ऊन वाढलं तरी घरी थांबतो आणि पैसे देणाऱ्याला आपण फसलो असं वाटतं. नाममात्र का होईना, किंमत लावा. आणि हिशोबात दोन आकडे वेगळे ठेवा: वाटलेली तिकिटं आणि गेटवर स्कॅन झालेली तिकिटं. बऱ्याच खेळांत जाहीर होतो तो पहिला आकडा, निर्णय मात्र दुसऱ्यावर घ्यायचे असतात. ज्या दिवशी या दोन्हींत मोठी तफावत असेल त्या दिवसाचं हवामान, वार, वेळ आणि प्रतिस्पर्धी संघ शेजारी लिहून ठेवा. एका हंगामात कारणं डोळ्यांसमोर येतात.

पिचर कोण, हे आदल्या दिवशी जाहीर करावं. प्रशिक्षक नाखूश असतात, तरी करावं, कारण सॉफ्टबॉलमध्ये लोक पिचरसाठी तिकीट काढतात. ७ इनिंगचा सामना साधारण दोन तासांत संपतो, त्यामुळे डबलहेडरचा, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ दोन सामन्यांचा, मोह होतो. पण दोन्ही सामने आणि मधला अर्धा तास धरून बैठक साडेचार तासांची होते, लहान मुलं दमतात आणि दुसऱ्या सामन्याला निम्मे लोक उठून जातात. ठेवायचाच असेल तर नामांकित पिचर दुसऱ्या सामन्यात उतरवा आणि खेळाडूंच्या सह्या शेवटी ठेवा. सह्यांची जागा कुंपणालगत, खेळाडू किमान सहा, वेळ अर्धा तास, आणि रांगेवर सावली हवी.