एफडी मोडण्याआधी

बेटा,

काल बाबांनी फाइल उघडली तेव्हा तू नखं कुरतडत बसली होतीस. त्यांच्यासमोर बोललो नाही, म्हणून लिहितो. उन्हाळ्यात तुला अमेरिकेतली कॉलेजं फिरवून आणायची, कारण सल्लागार म्हणाला, कॅम्पसला गेलं की प्रवेशाचा चान्स वाढतो. आणि त्यासाठी एफडी मोडायची!

सल्लागार धादांत खोटं बोललेला नाही, म्हणूनच जास्त राग येतो. तिथली काही खासगी कॉलेजं अर्जदाराने किती रस दाखवला ते बघतात. प्रवेश दिलेल्यांपैकी खरंच येणार किती, ही त्यांची धास्ती. पण हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड हे धरतच नाहीत. हे गुपितही नाही. बरीच कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ जाहीर करतात. त्यातल्या सी-७ तक्त्यात अर्जदाराच्या रसाची वेगळी ओळच असते: फार महत्त्वाचा, महत्त्वाचा, विचारात घेतो, घेत नाही. एवढं तरी बघा नं बाप्पा! आणि जिथे घेतात तिथेही ऑनलाइन माहिती सत्राला नाव नोंदवून बसणं, हेच कॉलेज का यावर नेमकं लिहिणं, हे नागपुरात बसून होतं. विमानाने जाऊन तोंड दाखवायची गरज नाही.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटला. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्यांत, मेरिट नंबर, प्रवर्ग आणि तुझा पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म. व्हीएनआयटीच्या, म्हणजे आपल्या नागपुरातल्या एनआयटीच्या, निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना, पण त्याही जेईई मेनच्या रँकवर. तू गेटातून आत गेली होतीस का, हे कोणी विचारत नाही. (मॅनेजमेंट कोट्यासाठी ‘भेटून’ येतात ते वेगळं. त्याला कॅम्पस बघणं म्हणू नको.)

तरी जा. बघायला जा, दाखवायला नको.

मला कोणी नेलं नव्हतं. ट्रंक घेऊन थेट प्रवेशाच्या दिवशीच पोचलो. माहितीपुस्तकात फोटो असलेल्या वर्कशॉपला कुलूप होतं, आणि ते कुलूप वर्षभर तसंच राहिलं. आधी एक चक्कर मारली असती तर? ही रुखरुख अजून जात नाही. म्हणून मी पोरांना हिंडवतो. पालक म्हणतात, सर अभ्यासाचा वेळ खातात. म्हणू देत. फॉर्म भरल्यावर पस्तावणारी पोरं त्यांच्यापेक्षा मी जास्त पाहिली आहेत. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की पुढच्या फेऱ्या बंद, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येतं?

सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस, ओपन डेला तर नकोच. सजवलेलं काय बघायचं! चालू दिवशी दुपारी जा. लॅबमधल्या मशीनवरचं प्लास्टिकचं कव्हर बघ. त्यावर बोट फिरव. धूळ बोटाला आली तर समज. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलीशेजारी बस आणि विचार, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं? होस्टेलला रात्री किती वाजता यावं लागतं? प्राचार्यांना भेटू नकोस. त्यांना भेटणं म्हणजे दाखवणं झालं, आणि तू बघायला गेली आहेस. कितीदा सांगू!

सुरुवात घरापासून कर. साउथ अंबाझरी रोडवर व्हीएनआयटी आहे, तुझ्या स्कूटीला किती पेट्रोल लागणार? चेहऱ्यावर दुपट्टा बांधून जा, ऊन फार आहे.

सल्लागाराची यादी मला पाठव, सी-७ आपण दोघं मिळून काढू. बाबांना सांग, तोवर बँकेत जाऊ नका.

तुझे सर