पहिल्याच ट्रिपला छोट्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये काय काय न्यावं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. एका अ‍ॅक्सलचा १७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर सेकंडहँड घेतलाय. आम्ही दोघं आणि दोन मुलं, पहिल्यांदाच दोन रात्रींसाठी निघतोय. कॅम्पग्राउंडवर पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी आहे. इंटरनेटवरच्या याद्या दोन-दोनशे वस्तूंच्या आहेत. खरोखर काय लागतं?

उत्तर:

कपडे, खाणं, भांडी यांतलं काही विसरलं तर वाटेतल्या वॉलमार्टमध्ये मिळतं. रात्री नऊ वाजता अंधारात माणूस अडतो तो नळाच्या जोडातल्या रबरी वायसरवर, नाहीतर कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या खांबाच्या सॉकेटमध्ये न बसणाऱ्या प्लगवर. म्हणून जोडणीचं सामान आधी, संसार नंतर. जागेवर पोचल्यावर ज्या क्रमाने हात लागेल, त्याच क्रमाने खाली लिहितो.

पण त्याआधी वजन. दाराजवळ किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. माल किती पौंडांपेक्षा जास्त भरू नये ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तो आकडा ७०० आहे. पाण्याचं वजन गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड तिथेच संपले. तुमच्या जागेवर नळ आहे, तेव्हा वाटेत संडाससाठी दोन-तीन गॅलन पुरे. पिण्याचं पाणी कारमध्ये ठेवा. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीलगत. मागच्या टोकाला डाळ-तांदळाच्या पिशव्या, सायकली आणि पाण्याचे कॅन लादले की हिचवरचा (ट्रेलर कारला जोडतात त्या जागेवरचा) भार कमी होतो आणि हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हिचवर एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. तसंच तो भार, अधिक कारमधली माणसं आणि सामान, हे सगळं कारच्या दारावरच्या स्टिकरमधल्या आकड्यात बसायला हवं. ट्रेलर ओढू शकणाऱ्या पुष्कळ कार इथेच नापास होतात.

आता जागेवर पोचलात. पहिलं काम लेव्हल. लागतं ते असं: प्लास्टिकचे रचायचे ठोकळे (१० चा संच), चाकं अडवायचे रबरी चॉक चार, एक छोटी पाणसळ आणि पुढच्या जॅकखाली ठेवायला लाकडाचा जाड तुकडा. क्रम चुकवू नका. आधी डावी-उजवी बाजू, आणि तीही ट्रेलर कारला जोडलेला असतानाच: जी बाजू खाली आहे त्या चाकाखाली ठोकळे मांडून ट्रेलर त्यांच्यावर चढवा. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून चॉक. त्यानंतरच हिच सोडायचं. पुढची-मागची पातळी पुढच्या जॅकने. कोपऱ्यांतले चार स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी, आणि ते फक्त हलणं थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलात तर तेच वाकतात, कधी फ्रेमही. ते फिरवायला बॅटरीवरचं ड्रिल आणि त्यांच्या नटात बसणारं सॉकेट (बहुतेक वेळा पाऊण इंची) बरोबर असेल तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर दंडाचा व्यायाम.

वीज. तुमचा ट्रेलर बहुधा ३० अँपिअरचा. खांबावर ३०चं सॉकेट बंद किंवा जळालेलं असू शकतं, म्हणून ५० ते ३० आणि ३० ते १५ असे दोन अ‍ॅडॉप्टर हवेत. सर्ज प्रोटेक्टर मात्र टाळू नका; स्वस्तातला घेऊ नका, व्होल्टेज कमी-जास्त झालं तर वीज स्वतःहून तोडणारा घ्या. आधी खांबाचा खटका बंद, मग प्रोटेक्टर लावा, खटका चालू करून दिवे बघा. अर्थिंग नाही किंवा तारा उलट्या आहेत असं दिसलं तर ट्रेलर जोडूच नका, ऑफिसात सांगून जागा बदलून घ्या. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट. एसी साधारण १५००, पाणी तापवायचा विजेचा रॉड १४००, मायक्रोवेव्ह १४०० की बेरीज ४३००, आणि खटका पडला. इन्स्टंट पॉट (सहा क्वार्टचा १००० वॅट) लावायचा असेल तर रॉड बंद करून गॅसवर पाणी तापवा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही. चटणी घरूनच वाटून न्या.

पाणी. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. हिरवा बागेचा पाइप नको. पिण्याच्या पाण्यासाठीचा पांढरा किंवा निळा, २५ फुटी. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर (४० ते ५० पीएसआय), मग पाइप, मग निळा इनलाइन फिल्टर. काही कॅम्पग्राउंडवर नळाचं प्रेशर इतकं असतं की रेग्युलेटरशिवाय आतले प्लास्टिकचे जोड निसटतात, आणि ते लक्षात येतं ते फरशी फुगल्यावर. ट्रेलरच्या तोंडाशी ९० अंशांचा पितळी कोपर लावला की पाइप मोडत नाही. पाइपाचे वायसर पाकीटभर, टेफ्लॉन टेप एक.

ट्रेलर सेकंडहँड आहे, म्हणून घरीच एक काम उरकून घ्या. हिवाळ्यात पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यांच्यात गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं असू शकतं. ते वाहून जाऊ द्या, मग दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच टाकीत घालून प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, वास जाईपर्यंत धुऊन काढा. त्याच वेळी गीझरच्या मागचा बायपास व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघा. हिवाळ्यात तो बायपासवर वळवलेला राहिला तर गीझरमध्ये पाणी शिरतच नाही, आणि रिकाम्या टाकीत विजेचा रॉड चालू केला की तो काही सेकंदांत जळतो. गरम पाण्याच्या नळातून हवा न अडखळता धार आली, की मगच त्याचा खटका.

सांडपाणी. तीन इंची पाइप, एकूण २० फूट, दहा-दहाचे दोन तुकडे असले तर उत्तम. टोकाला पारदर्शक कोपर, म्हणजे पाणी स्वच्छ यायला लागलं ते दिसतं. टाकून द्यायचे हातमोजे ५० चं खोकं. हे सगळं झाकणाच्या डब्यात, पिण्याच्या पाइपापासून वेगळ्या कप्प्यात. धुण्यासाठी वेगळ्या रंगाचा जुना पाइप ठेवा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह, जोडणी असली तरी, बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं, घट्ट भाग मागे साचतो आणि खाली ढीग होऊन वाळतो. मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो. सुरुवातीला दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची एक पुडी टाकीत घाला. निघताना टाकी दोन-तृतीयांश भरलेली असेल तर चांगलं, कमी असेल तर पाणी ओतून भरा. आधी संडासाची टाकी सोडा, मागाहून आंघोळीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. त्यासाठी आंघोळीच्या टाकीचा व्हॉल्व्हही आदल्या संध्याकाळी बंद करून ठेवा.

आपल्याकडच्या सवयीचा इथे फायदाच आहे. कागदाऐवजी पाणी वापरणं टाकीला मानवतं. टमरेल किंवा दाबायची बाटली न्या, फक्त टाकी लवकर भरते हे लक्षात ठेवा. कागद न्यायचाच तर लगेच विरघळणारा. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकीत कधीही नाहीत.

स्वयंपाकघरात उत्साह आवरा. दोन बर्नर आणि हातभर ओटा. एक तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, एक पातेलं, एक सुरी, सांडशी, उलथनं, लायटर, चार स्टीलची ताटं. पोळपाट-लाटणं घरी, पोळ्या करून न्या, नाहीतर पीठ फरशीच्या फटींत जाऊन बसतं. मसाल्याचा डबा गोल स्टीलचा असेल तर पहिल्याच खड्ड्यात हळद, तिखट, मोहरी एकत्र होतील. छोट्या झिपच्या पिशव्या बऱ्या. उपमा, पोहे, पिठलं, खिचडी एवढ्यात दोन दिवस निघतात. भाज्या घरून चिरून न्या.

फोडणीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. छोट्या जागेत स्मोक अलार्म मोहरी तडतडण्याआधीच वाजतो. छताचा पंखा सुरू करा, खिडकी उघडा. आणि बाहेरून जाऊन गॅसवरच्या हूडची झडप बघा: प्रवासासाठी तिला बाहेरून खिटी लावलेली असते, ती काढली नाही तर हूड नुसता आवाज करतो, धूर आतच फिरतो. पण अलार्म काढून ठेवायचा मोह नको. गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्याच्यावरची आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरवरची मुदतीची तारीख तपासा; सेकंडहँड ट्रेलरमध्ये ती बहुधा उलटून गेलेली सापडते.

सिंकमध्ये बारीक गाळणी बसवा. भाताची शितं आणि डाळ टाकीत गेली की दुसऱ्या दिवशी वास सुरू. तेलकट कढई कागदाने पुसून मग धुवा. फ्रिज आदल्या दिवशी घरीच चालू करा. गॅसवर चालणारा असेल तर तो गार व्हायला अर्धा दिवससुद्धा घेतो, आणि ट्रेलर तिरका असेल तर नीट गारच करत नाही. आत ठेवायचं ते आधीच गार केलेलं.

झोपण्याचं सामान थोडक्यात: ट्रेलरमधली क्वीन गादी बरेचदा ७५ इंच लांब असते, घरची ८०, त्यामुळे घरच्या चादरी गोळा होतात. गोधडी कुठेही बसते. वरच्या बंकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. चार माणसांच्या श्वासाने सकाळी काचा ओल्या होतात. छताची झडप इंचभर उघडी ठेवा. दाराबाहेर पायपुसणं आणि आत लहान झाडू हवाच.

हत्यारं एका पेटीत: उलटसुलट टोकांचा स्क्रू ड्रायव्हर (चौकोनी नंबर २ चं टोक हवंच, ट्रेलरमधले निम्मे स्क्रू तसे असतात), पाना, पक्कड, १२ व्होल्टचे वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज, झिप टाय, डक्ट टेप, डोक्याला लावायची बॅटरी. टायरचं प्रेशर गेज आणि टॉर्क रेंच. कारचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, आणि कारचा जॅक ट्रेलर उचलतो का, हे घरच्या ड्राइव्ह-वेमध्येच करून बघा. बरेचदा दोन्हींचं उत्तर नाही असतं. चाक काढून बसवलं असेल तर ५० मैलांनी नट पुन्हा आवळा. टायरवरच्या डीओटी (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही छान दिसली तरी बदला. रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर त्यात ट्रेलर धरलाय का ते फोन करून विचारा.

वाटेबद्दल थोडं. ट्रेलरची उंची एसीसकट मोजून कागदावर लिहा आणि तो कागद डॅशबोर्डला चिकटवा. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर पूल खुजे आहेत आणि ट्रेलरला बंदी आहे; फोनवरच्या नकाशाला ते कळत नाही. दक्षिणेकडे निघालात तर बाल्टिमोरचे दोन्ही बोगदे, आय-९५ चा आणि आय-८९५ चा, १० पौंडांहून मोठ्या प्रोपेन सिलिंडरला बंद आहेत. तुमच्या ट्रेलरवर २० चा असणार. मार्च २०२४ मध्ये तिथला की ब्रिज पडला, त्यामुळे आता शहराला वळसा घालणारा आय-६९५ पश्चिमेकडून धरा. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कचा बेत पुढच्या खेपेला ठेवा, तिथल्या कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून किडी पसरतात. तिथेच विकत घ्या.

परतीच्या सकाळी टीव्हीचा अँटेना, छताची झडप, पायरी, फ्रिजची कडी आणि हूडची खिटी असं फिरून बघा. हिच लावून, साखळ्या एकमेकींवरून आडव्या घालून, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) अडकवून, सात पिनांचा प्लग जोडून दिवे तपासा. चॉक काढायचे ते त्याच्यानंतर, आणि चारही मोजून डब्यात.