वाचकांचे प्रश्न : मराठी चित्रपट आणि परदेशी सहनिर्माता

मराठी निर्मात्यांनी परदेशी भागीदार कसा जोडावा, पैसा कसा आणावा, याबद्दल पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळीकडे एक युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे.

प्रश्न : आमच्या चित्रपटाचं बजेट चार कोटी आहे. पटकथा तयार आहे, प्रमुख कलाकार ठरले आहेत. फ्रान्सचा सहनिर्माता मिळाला तर अर्धा खर्च तिकडून निघतो असं ऐकलं. किती खरं? (कोथरूड)

उत्तर : अर्धा खर्च निघण्याची शक्यता फार कमी. कारण फ्रेंच निर्माता सहसा स्वतःच्या खिशातला पैसा आणत नाही. तो तिथल्या निधीकडे अर्ज करतो, आणि त्या पैशाला तिथल्या अटी चिकटलेल्या असतात. उदाहरणार्थ, फ्रान्सचं राष्ट्रीय चित्रपट केंद्र सीएनसी आणि तिथली सांस्कृतिक संस्था अँस्तित्यू फ्रॉन्से यांची ‘एद ओ सिनेमा द्यु माँद’ (जागतिक सिनेमाला मदत) ही २०१२पासूनची योजना. तिथे अर्ज फ्रेंच निर्मात्याच्या नावानेच होतो आणि मदतीचा काही भाग फ्रान्समध्येच खर्च करावा लागतो.

या अटीचा तुमच्या बजेटवर काय परिणाम होतो ते पाहा. समजा, तिकडून ८०,००० युरो, म्हणजे ८० लाख रुपये मिळाले. त्यातले ५०,००० युरो तिथे ध्वनिमिश्रण आणि कलर ग्रेडिंगवर (दृश्यांच्या रंगांची जुळणी) खर्च करायचे ठरले. ही दोन कामं तुमच्या मूळ बजेटात १५ लाखांत बसवली होती. फ्रेंच कंपनीची फी आणि ओव्हरहेड (कार्यालयीन खर्च) १० लाख. वकील, भाषांतर, प्रवास मिळून आणखी ५ लाख. आता बजेट मांडा : ४०० वजा १५, अधिक ५०, अधिक १०, अधिक ५. एकूण ४५० लाख. त्यातून ८० वजा केले की भारतातून उभे करायचे उरले ३७० लाख. आले ८० लाख, पण तुमच्या डोक्यावरचा भार हलका झाला फक्त ३० लाखांनी.

म्हणून सहनिर्मिती करूच नये, असं आम्ही म्हणत नाही. चांगल्या स्टुडिओतलं मिश्रण, महोत्सवांच्या निवड मंडळांपर्यंत पोचलेला माणूस, युरोपातल्या विक्रीची वाट, हे सगळं त्या उरलेल्या ५० लाखांत मिळतं. ते तुमच्या चित्रपटाला हवं असेल तर व्यवहार चांगला आहे. भावगीतांचा आणि संवादांचा कौटुंबिक चित्रपट असेल, त्याचा प्रेक्षक सांगली-सोलापूर-नाशिकचा असेल, तर ते ५० लाख प्रसिद्धीवर खर्च करावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

परदेशी निर्माता पहिल्याच भेटीत विचारतो, ‘तुमच्याकडचं किती नक्की आहे?’ तोंडी आश्वासन तो धरत नाही. सही झालेलं गुंतवणूक पत्र किंवा बँकेतली शिल्लक दाखवावी लागते. भारतातला निम्म्याहून जास्त हिस्सा कागदावर नसेल तर बोलणी पुढे सरकत नाहीत. लेखनाच्याच टप्प्यावर असाल तर रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाकडून पटकथा विकासासाठी १०,००० युरोंपर्यंत मदत मिळू शकते. रक्कम लहान, पण निवड झाल्याचा उपयोग पुढच्या प्रत्येक अर्जात होतो. तुमची पटकथा पूर्ण आहे, तेव्हा तो टप्पा बहुधा मागे पडला. प्रत्येक निधीची पात्र देशांची यादी वेगळी असते आणि ती बदलते. त्यात भारत आहे ना, हे आधी पाहा आणि मगच अर्ज लिहायला बसा.

प्रश्न : ‘अधिकृत सहनिर्मिती’ म्हणजे काय? ती घ्यावीच लागते का? (पिंपरी)

उत्तर : भारताचे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, पोलंड, कॅनडा, ब्राझील, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया अशा देशांशी सहनिर्मिती करार आहेत. करारात बसणारा चित्रपट दोन्ही देशांत ‘आपला’ मानला जातो आणि दोन्हीकडच्या सवलतींना पात्र ठरतो. जागतिक सिनेमासाठीचे अनेक निधी हा दर्जा मागत नाहीत. त्यामुळे तो घ्यायचा की नाही, हे पैसा कुठून येणार त्यावर ठरतं.

बहुतेक करारांत लहान भागीदाराचा वाटा किमान २० टक्के लागतो. वरच्या उदाहरणात ४५० लाखांपैकी ८० लाख म्हणजे पावणेअठरा टक्के होतात. १० लाख कमी पडले आणि दर्जा हुकला. ही चूक सर्रास होते, कारण टक्केवारी जुन्या चार कोटींवर काढलेली असते. तिथे ती बरोबर २० येते. दुसरी चूक माणसांची. आर्थिक वाट्याच्या प्रमाणात कलात्मक वाटाही असावा लागतो. छायालेखक किंवा संकलक तिसऱ्याच देशाचा असेल तर करारातली सूट मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

अर्ज शूटिंग सुरू होण्याआधी करायचा. आपल्याकडे माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या वतीने एनएफडीसीचं (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) इंडिया सिने हब हे कार्यालय हे काम पाहतं. समोरच्या बाजूला फ्रान्समध्ये सीएनसी, ब्रिटनमध्ये बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट), जर्मनीत बाफा हे सरकारी कार्यालय. आधी तात्पुरता दर्जा मिळतो. चित्रपट पूर्ण झाल्यावर हिशेब तपासून अंतिम. केंद्राची प्रोत्साहन योजना मे २०२२मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात जाहीर झाली तेव्हा सहनिर्मितीसाठी ३० टक्के परतावा आणि २ कोटींची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२३मध्ये गोव्यात परदेशी निर्मितीसाठीचा दर ४० टक्के आणि मर्यादा ३० कोटींपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. सहनिर्मितीसाठी अर्जाच्या दिवशी लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वंच धरा. आणि हा परतावा आहे : आधी खर्च, मग ऑडिट, मग पैसे. तोवरच्या कर्जाचं व्याज बजेटात वेगळ्या ओळीवर दाखवा.

प्रश्न : एका दिवंगत लेखकाच्या कथेवर चित्रपट करतो आहोत. त्यांच्या मुलाने ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘चित्रपटाचे हक्क दिले’ असं लिहून दिलं, नोटरीही झाली. परदेशी वकील म्हणतात, हे चालणार नाही. का? (सदाशिव पेठ)

उत्तर : वकील बरोबर सांगत आहेत, आणि यात त्यांची अडवणूक मुळीच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९प्रमाणे हक्कांच्या लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते. शिवाय वेगळं काही ठरवलं नसेल, तर एका वर्षात वापरले नाहीत ते हक्क परत गेले असं मानलं जातं. म्हणजे तुमच्या त्या एका ओळीच्या कागदावर पॅरिसमध्ये चित्रपट विकताच येत नाही, आणि पटकथा लिहिण्यात वर्ष गेलं असेल तर भारतातल्या हक्कांवरही प्रश्नचिन्ह उभं राहतं.

दुसरा मुद्दा मुलाच्या सहीचा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. लेखक १९७०मध्ये गेले असतील तर ३१ डिसेंबर २०३०पर्यंत. मृत्युपत्रात साहित्याचे हक्क एकाच्याच नावे केले नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. नागपूरची बहीण आणि अमेरिकेतला भाऊ, दोघांच्याही. एक सही राहिली की चित्रपट तयार झाल्यावर, नेमका विक्रीच्या वेळी, दावा उभा राहतो.

नवा करार करा. त्यात कथेचं नाव आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष, संपूर्ण जग, हक्कांची पूर्ण मुदत, सर्व भाषा, उपशीर्षकं आणि डबिंग, चित्रपटगृह, टीव्ही आणि ओटीटी यांचा स्वतंत्र उल्लेख हवा. २०१२च्या दुरुस्तीनंतर, करारात स्पष्ट नाव न घेतलेलं आणि त्या वेळी अस्तित्वात नसलेलं माध्यम हस्तांतरात येत नाही. ‘एक वर्षात वापर झाला नाही तरी हक्क परत जाणार नाहीत’ हे वाक्य घाला. मोबदला आकड्यात लिहा. मूळ करार मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. पटकथाकार, संवादलेखक, गीतकार, संगीतकार, दिग्दर्शक या प्रत्येकाचा असाच कागद हवा. गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा समान हिस्सा कायद्यानेच मिळतो, तो लिहून घेऊन सोडवता येत नाही. हे परदेशी भागीदाराला सुरुवातीलाच सांगा.

ही कागदांची साखळी पूर्ण नसेल तर ई अँड ओ विमा (एरर्स अँड ओमिशन्स, म्हणजे हक्कांवरून होणाऱ्या दाव्यांपासून संरक्षण) मिळत नाही. अनेक वितरक आणि ओटीटी तो मागतात. रूढ आकडा प्रत्येक दाव्याला १० लाख डॉलर आणि एकूण ३० लाख डॉलर.

प्रश्न : परदेशी सहनिर्माता पैसे पाठवायला तयार आहे. माझी फर्म प्रोप्रायटरी आहे. थेट खात्यात घेतले तर चालेल का? (हडपसर)

उत्तर : पैसा कोणत्या नात्याने येतो, त्यावर अवलंबून आहे. सहनिर्मिती करारातला हिस्सा म्हणून, चित्रपटाच्या संयुक्त मालकीच्या बदल्यात येत असेल तर तो कराराचा पैसा. बँकेला करार दाखवा, योग्य पर्पज कोड (पैसा कशासाठी आला हे सांगणारा क्रमांक) लावून घ्या आणि परकीय चलन आवक प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे ऑडिटला तेच लागतं. त्याला तुमच्या व्यवसायातच भागीदारी हवी असेल तर प्रोप्रायटरी चालणार नाही, प्रायव्हेट लिमिटेड लागेल. मग पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर, म्हणजे शेअर दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवणारा फॉर्म, भरायचा. कर्ज म्हणून येत असेल तर परकीय कर्जाचे नियम लागतात; छोट्या निर्मात्याने त्या वाटेला न गेलेलं बरं. मेलमध्ये ‘लोन’ आणि करारात ‘कॉन्ट्रिब्यूशन’ असं लिहिलेलं असलं की बँक पैसे अडवून धरते आणि शेड्यूल तुमचं कोसळतं.

पैसे बाहेर पाठवताना कर कापण्याचा प्रश्न येतो. तिकडचा स्टुडिओ म्हणतो, ‘आम्हाला पूर्ण १०,००० युरो हवेत.’ कराचा दर १० टक्के धरला तर कर कापून त्यांना तेवढे पोचावेत म्हणून तुम्हाला ११,१११ युरो मोजावे लागतात. कर कोणी सोसायचा हे करारात लिहा आणि त्यांचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (ते त्या देशात करदाते असल्याचा दाखला) पहिल्या बिलाआधी मागवा. सोबत युरोचा दर कोणत्या तारखेचा धरायचा, तेही ठरवा. ५०,००० युरोंच्या खर्चावर दर ५ टक्क्यांनी वाढला की अडीच लाख गेले.

प्रश्न : चित्रपट परदेशांत विकून देणारा सेल्स एजंट २५ टक्के कमिशन मागतो आहे. जास्त आहे का? (बाणेर)

उत्तर : २० ते २५ टक्के रूढ आहे. कमिशनवर घासाघीस करण्यापेक्षा खर्चाच्या कलमाकडे बघा. समजा, जगभरातून ५०,००० युरोंची विक्री झाली. कमिशन गेलं १२,५००. पोस्टर, ट्रेलर, चित्रपट-बाजारातला स्टॉल, प्रवास यांचे १५,००० त्याने लावले. उरले २२,५००. त्यात परदेशी भागीदाराचा हिस्सा, मग तुमच्या गुंतवणूकदारांचा, आणि शेवटी नफा असेल तर तुमचा. खर्चाला कमाल मर्यादा लिहिलेली नसेल तर या उरलेल्या २२,५००चंही काही सांगता येत नाही. मर्यादा आकड्यात घाला, ठरावीक रकमेवरच्या खर्चाला तुमची लेखी संमती ठेवा, पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी हिशेब मागा.

भारतीय उपखंडाचे हक्क स्वतःकडे ठेवा. फ्रेंच भागीदार फ्रेंचभाषक प्रदेश ठेवतो, उरलेलं जग वाट्याप्रमाणे. एजंट ‘वर्ल्ड’ असं लिहून आणतो, तिथे ‘भारतीय उपखंड वगळून’ हे शब्द आणि देशांची नावं लिहून घ्या. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश त्यात आहेत की नाहीत, यावरून नंतर ओटीटीचा सौदा अडतो.

प्रश्न : बेल्जियमचा छायालेखक वाईला शूटिंगसाठी येणार आहे. टुरिस्ट व्हिसावर आणला तर? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आणू नका. चित्रपटासाठी स्वतंत्र फिल्म व्हिसा आहे, अर्ज इंडिया सिने हबमार्फत सुरू करा. सोबत कॅमेरा येणार असेल तर एटीए कार्नेट (सामान शुल्काशिवाय तात्पुरतं आणण्याचा कस्टम्सचा कागद) त्याने बेल्जियममध्येच काढायचं. यादीतला प्रत्येक लेन्स आणि बॅटरी सीरियल नंबरसह लिहा. येताना आणि जाताना कस्टम्सचे शिक्के घ्या, नाहीतर शुल्काची मागणी येते. ड्रोन आणायला सांगू नका. फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. इथलाच नोंदणीकृत ड्रोनचालक घ्या, आणि लोहगाव किंवा खडकवासल्याच्या बाजूची दृश्यं असतील तर ड्रोन उडवायला कुठे परवानगी आहे ते रंगांनी दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आधी रंग बघून घ्या.

प्रश्न : चित्रपट तयार आहे. आधी महाराष्ट्रात लावावा की महोत्सवांची वाट पाहावी? (तळेगाव)

उत्तर : मोठ्या महोत्सवांना जागतिक किंवा किमान आंतरराष्ट्रीय प्रीमियर लागतो. मायदेशातलं प्रदर्शन काहींना चालतं, काहींना नाही, म्हणून प्रत्येकाची नियमावली वाचा. इंटरनेटवर मात्र चित्रपट आधी गेलेला जवळपास कुणालाच चालत नाही. निवड समितीला पासवर्ड असलेली लिंकच द्या. परदेशी भागीदार असेल तर त्याच्या करारात होल्डबॅक, म्हणजे अमुक तारखेआधी प्रदर्शन नाही, असं कलम बहुधा असतंच. चित्रपटगृहांची तारीख घेण्याआधी ते बघा. वाट पाहायची तर मुदत ठरवून पाहा. नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या फिल्म बाजार या चित्रपट-व्यवसाय मेळ्याच्या वर्क-इन-प्रोग्रेस विभागात फक्त अपूर्ण चित्रपट घेतात. तुमचं अंतिम मिश्रण झालं असेल तर तिथल्या व्ह्यूइंग रूमसाठी (खरेदीदार आणि महोत्सवांचे लोक चित्रपट पाहतात तो विभाग) नाव द्या आणि तोवर डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), इंग्रजी उपशीर्षकं आणि म्युझिक अँड इफेक्ट्स ट्रॅक (संवाद वगळून फक्त संगीत आणि ध्वनी) तयार ठेवा. डबिंगला विकायची वेळ आली की पहिल्यांदा हा ट्रॅकच मागतात, आणि मिश्रण संपल्यावर तो वेगळा काढायचा म्हटलं की स्टुडिओचे दोन-तीन दिवस पुन्हा भाड्याने घ्यावे लागतात.