काळं रबर आणि वीज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टीव्हीच्या रिमोटवरची आवाजाची बटणं जोर लावल्याशिवाय चालत नाहीत. क्वचित लागणारी बटणं मात्र व्यवस्थित चालतात. सेल बदलले, फरक नाही. शेजारी म्हणतात, बटणाच्या मागे पेन्सिल घासा. घासू का? (सातारा)

उत्तर : पेन्सिल नको. आधी सेल काढा, रिमोट उघडा आणि आतलं रबरी पान उलटं करून नीट बघा. हे पान सिलिकॉन रबराचं असतं. प्रत्येक बटणाच्या खाली चार-पाच मिलिमीटरची एक काळी टिकली दिसेल. टिकलीही बहुधा सिलिकॉनचीच, पण तिच्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात बनवलेली काजळी, भरपूर मिसळलेली असते. समोरच्या बोर्डावर दोन रेघा एकमेकींच्या फटींत शिरलेल्या पण कुठेही न टेकलेल्या असतात. बटण दाबलं की टिकली त्या दोघींना जोडते.

घरात मल्टिमीटर असेल तर त्याच्या दोन्ही पिना पानाच्या रंगीत भागावर टेकवा, मीटर ‘ओएल’ दाखवील, म्हणजे रोध मीटरच्या रेंजबाहेर आहे. आता त्याच पिना टिकलीवर टेकवा. चांगली टिकली साधारण काही शे ओहम दाखवते, आणि पिना जरा दाबल्या की आकडा आणखी उतरतो. आजारी टिकलीवर तोच आकडा हजारोंच्या घरात जातो.

दोष बहुतेक वेळा टिकलीच्या आत नसतो, तिच्या पृष्ठभागावर असतो. सिलिकॉनमधलं थोडं तेल वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं, त्यात हाताचा तेलकटपणा आणि धूळ मिसळते, आणि वीज अडवणारा एक पातळ थर बसतो. तेव्हा पान वेगळं काढून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने हलक्या बोटांनी धुवा आणि पूर्ण वाळू द्या. बोर्डाला पाणी लावू नका. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. पेट्रोल किंवा थिनर तर मुळीच नको. सिलिकॉन त्यात फुगतं आणि आतले कार्बनचे कण एकमेकांपासून लांब जातात. पेन्सिलीने दोन दिवस काम भागेल, पण तिची पूड बोर्डावर गळून शेजारच्या रेघा जोडल्या जाण्याची भीती असते. सँडपेपरने टिकली आणि रेघा दोन्ही खरवडल्या जातात.

प्रश्न : पॉलिमर डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी नैसर्गिक रबरात एचएएफ ग्रेडचा कार्बन ब्लॅक घालून शीट केल्या. 10, 20, 30 पीएचआरपर्यंत (म्हणजे शंभर भाग रबरामागे इतके भाग कार्बन) मीटर हललाच नाही, 40 ला एकदम रीडिंग मिळालं. खात्रीसाठी 40 चंच कंपाउंड परत केलं, या वेळी मिलवर (रबर मळायच्या दोन रोलांच्या यंत्रावर) जास्त वेळ फिरवलं, तर पुन्हा ओएल! मिक्सिंग चांगलं झालं तर रीडिंग सुधारायला हवं ना? (इचलकरंजी)

उत्तर : असा प्रश्न आला की मला कॉलम लिहिल्याचं समाधान वाटतं. तुमची दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत, आणि त्यातलं दुसरं जास्त मोलाचं आहे.

रबरात वीज कार्बनच्या कणावरून कणावर जाते. कण एकमेकांना प्रत्यक्ष टेकलेले असायलाच हवेत असं नाही, मधला रबराचा पापुद्रा काही नॅनोमीटरचा असला तरी इलेक्ट्रॉन पार होतात. पण शीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड साखळी मात्र हवी. 30 पीएचआरला तुमच्याकडे साखळ्यांचे तुकडे होते, 40 ला ते जुळले. म्हणून रोध हळूहळू उतरत नाही, एका अरुंद पट्ट्यात कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो. याचं गणित 1957 मध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी मांडलं, त्याला पर्कोलेशन म्हणतात. नुसते गोल कण वाटेल तसे विखुरले तर साखळी आकारमानाच्या सुमारे 16 टक्क्यांना जुळते. कार्बनची घनता 1.8 आणि रबराची 0.93 धरली तर तुमचे 40 पीएचआर साधारण 17 टक्के होतात. मात्र या जवळिकीवर फार विसंबू नका, कारण कार्बन ब्लॅक सुटे गोल नसतात. वीस-तीस नॅनोमीटरचे कण भट्टीतच एकमेकांना चिकटून फांद्याफांद्यांचे पुंजके होतात. आम्ही त्याला ‘स्ट्रक्चर’ म्हणतो. स्ट्रक्चर जास्त असलेल्या ग्रेडला खूप कमी माल लागतो, आणि कार्बन नॅनोट्यूबला तर अनेकदा एक टक्काही पुरतो, कारण लांबट वस्तू लवकर भेटतात.

आता मिलचं. रोलमधल्या रगडण्याने हे पुंजके तुटतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती रबर नीट बसतं. ताणशक्तीसाठी हे उत्तम, विजेसाठी वाईट. भोसरीच्या कारखान्यात मी कंपाउंडिंग बघायचे तेव्हा अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणाऱ्या) मालाच्या बॅचवर कार्बन शेवटी घालायचा आणि ठरलेल्या मिनिटाला शीट उतरवायची, असा माझा हट्ट असे. मिलवरची मंडळी कंपाउंडला अजून चकाकी येऊ द्या म्हणायची, मी थांबवायचे. विजेच्या मालात किती घातलं याच्याइतकंच कसं मिसळलं हे बघावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या अहवालासाठी काही गोष्टी. ओएल म्हणजे फक्त मीटरची रेंज संपली, 20 आणि 30 मधला फरक बघायला मेगर किंवा इलेक्ट्रोमीटर (खूप मोठा रोध मोजणारी उपकरणं) मागून घ्या. शीटच्या टोकांना सिल्व्हर पेंट लावा, नाहीतर पिनेच्या टोकाचा रोधच मोजाल. ग्रेनच्या, म्हणजे शीट रोलमधून निघाली त्या, दिशेने आणि आडवं, दोन्ही मोजा. शीट वाकवली असेल तर एक दिवस पडू द्या, कारण वाकवल्यावर रोध वाढतो आणि सावकाश खाली येतो. आणि तिसरी शीट 50 ची करा. 40 ला तुम्ही कड्याच्या काठावर आहात, तिथे मिक्सिंगमधला थोडा फरकही रीडिंग घालवतो.

प्रश्न : खराब केबल लावल्यावर कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट बंद पडला. दुरुस्तीला न्यायच्या आधीच आपोआप सुरू झाला. हे कसं? (नाशिक)

उत्तर : अनेक बोर्डांवर पोर्टजवळ पॉलिमरचा फ्यूज असतो, आणि तुमची हकीकत त्याच्याशी अगदी जुळते. त्यात बहुधा पॉलिइथिलीन आणि कार्बन असतात. करंट वाढला की तो तापतो, 130 अंशांच्या आसपास पॉलिइथिलीनचे स्फटिक वितळून ते फुगतं, कार्बनच्या साखळ्या तुटतात आणि रोध हजारो पटींनी चढतो. थोडा करंट चालू राहतो, तोच त्याला गरम ठेवतो. म्हणून केबल काढल्याशिवाय तो सुटत नाही. निवल्यावर स्फटिक पुन्हा बनतात, साखळ्या जुळतात. मात्र एकदा उडालेल्या फ्यूजचा रोध पहिल्याइतका खाली येत नाही, त्यामुळे ती केबल पुन्हा लावून बघू नका.

2000 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं वीजवाहक प्लास्टिक ते हेच का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांच्या पॉलिअ‍ॅसिटिलीनमध्ये आयोडीनसारखं द्रव्य मिसळल्यावर पॉलिमरची साखळी स्वतःच वीज वाहते. तुमच्या फ्यूजमध्ये पॉलिमर फक्त कार्बनला धरून ठेवतो, आणि वेळ आली की सोडतो.