अमेरिकेतलं सकाळचं अंड्याचं सँडविच : आधी पाव ओळखा

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात मुलाकडे एडिसनला, न्यू जर्सीला जायचं आहे. तिथे सकाळी घरी नाश्ता होत नाही, गाडीतच अंड्याचं सँडविच खातात, असं तो सांगतो. ही पद्धत कधी पडली, त्यात प्रकार कोणते आणि अंडं चालतं पण डुकराचं-गाईचं मांस चालत नाही अशा माणसाने काय मागावं? मी 14 वर्षं याच भागात राहते आणि आठवड्यातून दोनदा तरी स्टेशनजवळच्या डेलीतून, म्हणजे तयार खाण्याच्या छोट्या दुकानातून, हेच सँडविच घेऊन गाडी पकडते, म्हणून सविस्तर लिहिते.

आतल्या सारणाचा फार विचार करू नका. ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं : अंडं, पिवळ्या चीजचा एक काप आणि डुकराच्या मांसाचा कुठला तरी प्रकार. बदलतो तो पाव. हातातला पाव ओळखता आला की ते सँडविच कुठल्या भागातून आलं हे कळतं.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मॅकडोनाल्ड्सचं एग मॅकमफिन. त्यातला मफिन म्हणजे आपल्याकडे बेकरीत मिळतो तो कपातला गोड केक नव्हे. हा इंग्लिश मफिन. चपटा, गोल, यीस्टने फुगवलेला, मक्याची भरड लावून दोन्ही बाजूंनी तव्यावर भाजलेला. मधोमध उकलला की आत आंबोळीसारखी जाळी दिसते आणि लोणी त्या जाळीत मुरतं. सॅम्युअल बाथ थॉमस नावाचा इंग्लंडहून आलेला बेकर 1880 पासून न्यूयॉर्कमध्ये असे मफिन विकत होता. त्याच्या नावाची पाकिटं आजही इथल्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतात.

त्यात अंडं घालून विकायची कल्पना हर्ब पीटरसन यांची. ते आधी जाहिरात क्षेत्रात होते, मग कॅलिफोर्नियात सँटा बार्बरा इथे त्यांनी मॅकडोनाल्ड्सची फ्रँचायझी घेतली. त्यांना एग्ज बेनेडिक्ट हा पदार्थ फार आवडायचा. अर्ध्या मफिनवर मांसाचा काप, त्यावर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं आणि वरून हॉलंडेज हा लोण्याचा सॉस, असा तो हॉटेलात बसून काटा-चमच्याने खायचा प्रकार. तो हातात धरून खाता यावा म्हणून त्यांनी काय काय केलं ते मला फार मोलाचं वाटतं. सॉस ओघळतो, म्हणून त्याच्या जागी चीजचा काप आला. तो गरम अंड्यावर आपोआप वितळतो. अंडं तव्यावर पसरतं, म्हणून त्यांनी टेफ्लॉनचा लेप दिलेल्या गोल कड्यांचा एक साचा बनवून घेतला. कड्यात अंडं फोडायचं, की ते बरोबर मफिनच्या आकाराचं शिजतं. 1971-72 च्या सुमारास त्यांनी ते कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांना खायला दिलं. असं सांगतात की क्रॉक नुकतेच जेवून आले होते, तरी त्यांनी दोन खाल्ली. नाव सुचवलं ते कंपनीतले दुसरे मोठे अधिकारी फ्रेड टर्नर यांच्या पत्नीने. जॅक इन द बॉक्स ही सॅन डिएगोची कंपनी मात्र असं सँडविच आपणच आधी आणलं असं सांगते. पण देशाला सवय लावली ती मॅकमफिननेच.

आणि ती लागायला वेळही योग्य होती. तोवर बर्गरची दुकानं साधारण जेवणाच्या वेळीच उघडत. जागेचं भाडं चालू, तवे मात्र सकाळभर थंड. दुसरीकडे माणसं लांबच्या उपनगरांतून गाडीने कामाला जाऊ लागली होती, बायकाही मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या होत्या. 1975 मध्ये ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावी मॅकडोनाल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी उघडली. शेजारच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना कामाच्या गणवेशात गाडीबाहेर उतरायची परवानगी नव्हती, म्हणून. 1977 पर्यंत न्याहारीचा पूर्ण मेनू देशभर पोचला. गाडीतून न उतरता घ्यायचं आणि एका हाताने खायचं, ही तुमच्या मुलाची सवय तेव्हाची आहे.

दक्षिणेत गेलात तर मफिन मागे पडतो आणि बिस्किट येतं. हे आपलं चहात बुडवायचं बिस्किट अजिबात नाही. मऊ, जाडसर, खारट, हाताने पापुद्रे सुटतात असं. यीस्ट नाही, बेकिंग पावडर आणि ताक. तिकडच्या गव्हाचं पीठ कमी चिकट असतं, त्यात गार लोणी किंवा चरबी चोळून, फार न मळता थापायचं आणि कडक भट्टीत भाजायचं. नॉर्थ कॅरोलायनात हार्डीज या बर्गरवाल्या कंपनीच्या दुकानांतून ते लोकप्रिय झालं. हार्डीजची फ्रँचायझी चालवणाऱ्या जॅक फल्क यांनीच पुढे 1977 मध्ये शार्लटला बोजँगल्स ही कंपनी सुरू करण्यात भाग घेतला. तिथे बिस्किटात तळलेलं चिकन घालतात. चांगलं बिस्किट दुकानातच, पहाटेपासून हाताने करावं लागतं आणि तास-दोन तासांत ते वाळतं. म्हणून मला ते या सगळ्यांत जास्त कष्टाचं वाटतं, आणि ताजं मिळालं तर सगळ्यात चवदारही. मॅकडोनाल्ड्सने 2015 मध्ये दिवसभर न्याहारी द्यायला सुरुवात केली, तेव्हा आधी काही भागांत मफिनची आणि काही भागांत बिस्किटाची सँडविचेस ठेवली होती. एवढी मोठी कंपनी, पण पावापुढे तिला प्रदेश पाहावा लागला.

बर्गर किंगने 1983 मध्ये क्रोसाँ वापरला. पापुद्र्यांचा, लोण्याचा, पण अंड्याच्या वाफेने लगेच लिबलिबीत होतो. मला तो जमत नाही. 2003 मध्ये मॅकग्रिडल्स आलं. त्यात पावाऐवजी दोन छोटे पॅनकेक असतात आणि मेपलच्या चवीचा गोडवा आतच भाजलेला असतो. गोड-खारट एकत्र ज्याला आवडतं त्याने जरूर खावं. टेक्सासकडे हेच अंडं गव्हाच्या टॉर्टियात, म्हणजे साधारण आपल्या पोळीत गुंडाळतात.

आता तुम्ही जिथे येणार आहात ते न्यू जर्सी. इथला खरा नाश्ता मोठ्या कंपन्यांचा नाहीच, तो कोपऱ्यावरच्या डेलीचा. पाव म्हणजे वरून कडक, आतून मऊ, कधी खसखस लावलेला हार्ड रोल. त्यात अंडं, चीज आणि टेलर हॅम. ट्रेंटन शहरातल्या जॉन टेलर यांनी 1856 मध्ये हे मसाला घालून मुरवलेलं डुकराचं मांस तयार केलं. 1906 च्या अन्नशुद्धतेच्या कायद्याने त्याला हॅम म्हणता येईना, तेव्हा ते पोर्क रोल झालं. आजही राज्याचा उत्तर भाग टेलर हॅम म्हणतो आणि दक्षिण भाग पोर्क रोल, आणि यावरून लोक मनापासून भांडतात. बराक ओबामांनीही 2016 मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या भाषणात या वादाचा उल्लेख केला होता. त्याच्या चकतीला कडेने चिरा देतात, नाहीतर तव्यावर ती वाटीसारखी फुगते.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की सॉसेज (मसाला घातलेल्या खिम्याची चकती) असं नुसतं लिहिलं असेल तर ते बहुतेक ठिकाणी डुकराचंच असतं. कॅनेडियन बेकनही डुकराचंच. स्टेक म्हणजे गाय. मी नवीन आले तेव्हा एका दुकानात सॉसेज म्हणजे चिकन असेल असं धरून चाललेले आणि अर्धं खाऊन झाल्यावर कळलं, त्याची रुखरुख बरेच दिवस राहिली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. कुठेही ‘एग अँड चीज, नो मीट’ म्हणा, सर्रास मिळतं. टर्की या पक्ष्याच्या मांसाचं टर्की सॉसेज काही ठिकाणी असतं, नाव घेऊन विचारा. डेलीत अंडं आणि मांस एकाच तव्यावर होतं, ते चालणार नसेल तर तवा पुसून करायला सांगा. गर्दी नसेल तर करून देतात. बिस्किटात कुठली चरबी घातली आहे हेही विचारून घ्या.

आपल्याकडच्या ऑम्लेट-पावाची चव इथे शोधू नका, मिरची-कांदा अंड्यात नसतो. 2017 मध्ये मॅकडोनाल्ड्सने मुंबईत देशी चवीची न्याहारी आणली, तेव्हा मसाला स्क्रॅम्बल्ड अंडी आणि डोशाच्या भाजीचा बर्गर ठेवला होता. इथे तसलं काही मिळत नाही. मी डेलीत हालापिन्यो मिरच्या घालायला सांगते, बहुतेकांकडे असतात.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मुलासोबत स्टेशनजवळच्या डेलीत जा. रांगेत तुमचा नंबर आला की एका दमात सांगायचं : ‘टू एग्ज अँड चीज ऑन अ हार्ड रोल, सॉल्ट, पेपर, केचप.’ मग बाजूला उभं राहायचं. तीन-चार मिनिटांत चांदीच्या कागदात गुंडाळलेलं गरम सँडविच हातात येतं. लगेच उघडू नका, दोन मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात चीज पावाला धरतं.